केळझर क्षेत्र : दर्शन, परिसर आणि वर्षभरातील उत्सव

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नागपूरपासून सुमारे ५० आणि वर्ध्यापासून सुमारे २६ किलोमीटर अंतरावर, लहान टेकड्यांच्या कुशीत केळझर हे गाव वसलेले आहे. ते वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात येते. येथील टेकडीवरील श्री सिद्धिविनायकाचे स्थान विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक असून भाविक त्यास ‘एकचक्रा गणेश’ या नावानेही ओळखतात. वर्षभर येथे दर्शनार्थींची ये-जा असते. परंतु बहुतेक वाहने अर्ध्या तासासाठी थांबतात, दर्शन होते, प्रसाद घेतला जातो आणि मंडळी पुढच्या गणपतीकडे निघतात. हाताशी वेळ थोडा असला तरी हे क्षेत्र इतक्या घाईने पाहण्याजोगे नाही. टेकडी, तिच्याशी जोडलेली कथा, भोवतालचा परिसर आणि पंचांगाप्रमाणे येणारे उत्सव ही सर्व मिळून केळझरची यात्रा पूर्ण होते. त्या दृष्टीने उपयोगी पडणारी माहिती पुढे दिली आहे.

टेकडी आणि मूर्ती

मंदिर ज्या टेकडीवर आहे तेथे पूर्वी किल्ला होता. त्याचे भग्न अवशेष व जुने घडीव दगड आजही परिसरात दिसतात. आगगाडी येण्यापूर्वी नागपूरहून मुंबईकडे जाणारा मोठा रस्ता टेकड्यांच्या या खिंडीतूनच जात असे. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला, तो मात्र केळझरला बाजूस ठेवून सिंदी गावावरून गेला आणि जुन्या रस्त्यावरचे हे ठाणे हळूहळू शांत झाले. आज ज्याला आपण जिल्ह्याचे शहर म्हणून ओळखतो ते वर्धा तर १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसविलेले आहे. केळझर त्याहून कितीतरी जुने होय.

गाभाऱ्यातील शेंदूरचर्चित मूर्ती सुमारे साडेचार फूट उंच व विस्ताराने भव्य आहे. शेंदराच्या थरांमुळे मूळ पाषाणावरील काम दिसत नाही, तरी मूर्तीचा बांधा पाहताच नजर ठरते. ही मूर्ती वसिष्ठ ऋषींनी आपल्या नित्यपूजेसाठी स्थापन केली, असे परंपरा सांगते. गणपतीचे नाव वरदविनायक आणि नदीचे नाव वरदा, असाही संबंध जोडला जातो. वरदा म्हणजेच आजची वर्धा नदी. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाचे दोन राज्यांत विभाजन होते, तेव्हा हीच वरदा त्यांची सीमा ठरते. यावरून या नावाचे प्राचीनत्व ध्यानात यावे.

मंदिराभोवती फिरताना पडक्या भागावर चढणे टाळावे. सुट्या पडलेल्या कोरीव दगडांस शेंदूर लावणे किंवा आठवण म्हणून त्यांचा तुकडा घरी नेणे हे तर कोणत्याही शास्त्रात बसत नाही. जागच्या जागी असलेला दगड अभ्यासकाला काही सांगू शकतो. तोच उचलून घरच्या देव्हाऱ्यात ठेवला की मुका होतो.

एकचक्रा नगरीची कथा

केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी येथील श्रद्धा आहे. कथेचा सांगाडा सर्वांस ठाऊक आहे. लाक्षागृहातून वाचलेले पांडव वेष पालटून एकचक्रेत राहिले आणि भीमाने बकासुराचा वध केला. परंतु आदिपर्वातील मूळ प्रसंग वाचला तर त्यात राक्षसाच्या वधाला जागा थोडी आहे. बहुतेक सारी कथा एका घरात घडते.

ते घर एका गरीब ब्राह्मणाचे. कुंती आणि तिचे पाच पुत्र त्याच्याकडे आश्रयाला होते. मुलगे भिक्षा मागून आणीत. कुंती त्या अन्नाचे दोन भाग करी, एक भीमासाठी आणि दुसऱ्यात बाकी सर्वजण. एके दिवशी घरमालकाच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. नगरीने राक्षसाशी करार केलेला होता. पाळीपाळीने एकेका घराने गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस असे त्यास द्यावयाचे. आज पाळी या घराची होती. पती म्हणतो, मी जातो. पत्नी म्हणते, मुलांना बाप हवा, मी जाते. मुलगी म्हणते, मी तर एक दिवस परक्या घरी जाणारच, मलाच जाऊ द्या. तेवढ्यात नीट बोलताही न येणारा लहानगा हातात गवताची काडी घेऊन पुढे येतो आणि या काडीने मी राक्षसाला मारतो म्हणतो. त्या शोकातही सर्वांना हसू येते. महाभारतात युद्धाची वर्णने पुष्कळ आहेत, पण या चार ओळींइतके घरगुती धैर्य क्वचितच आढळते.

मग कुंती उठते आणि आपल्या पाचांपैकी एकाला पाठविण्याचे कबूल करते. यजमान नकार देतो, कारण अतिथीचा जीव घेऊन स्वतःचा वाचविणे त्याला पाप वाटते. युधिष्ठिरही पुढे आईला दोष देतो. कुंतीचे उत्तर सरळ आहे. ज्याच्या छपराखाली सुखाने राहिलो त्याचे ऋण फेडले पाहिजे. भीम जातो, राक्षसासमोर बसून गाडाभर अन्न स्वतःच खातो, मग त्याला मारतो आणि प्रेत नगराच्या दाराशी टाकून गुपचूप परत येतो. कोणी मारले हे नगराला कळत नाही. उपकाराची जाहिरात न करण्याचा हा भाग देणगीदारांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

यात्रेकरू हा देखील गावाचा पाहुणाच असतो. गर्दीच्या दिवशी काही हजारांच्या वस्तीच्या गावावर कितीतरी पट माणसांचा भार पडतो. पाणी गावाचे, रस्ता गावाचा, कचरा मात्र पाहुण्यांचा, अशी स्थिती अनेक क्षेत्रांत दिसते. पाण्याची रिकामी बाटली, निर्माल्याची पिशवी आणि नारळाची शेंडी आपल्या सोबत खाली आणणे एवढी परतफेड प्रत्येकास शक्य आहे.

एकचक्रा नेमकी कोठे?

हा प्रश्न चौकस भाविक विचारतात आणि त्याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. एकचक्रेचा मान सांगणारी गावे अनेक आहेत. बिहारमध्ये आरा परिसरात ही परंपरा आहे. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात नित्यानंद प्रभूंचे जन्मस्थान एकचक्रा याच नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रातच जळगाव जिल्ह्यातील एरंडोल येथे पांडववाडा दाखवितात आणि जवळच्या पद्मालय तीर्थाशी बकासुराची कथा जोडतात. महाभारतातील वर्णनानुसार पांडव मत्स्य, त्रिगर्त, पांचाल या देशांतून वाट काढीत एकचक्रेस येतात आणि तेथून द्रौपदीच्या स्वयंवरासाठी पुन्हा पांचालात जातात. हा सारा प्रवास उत्तरेकडचा वाटतो.

मग केळझरची परंपरा खोटी म्हणावयाची काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. १८७० साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरमध्ये केळझरचे जुने नाव चक्रनगर असल्याची समजूत, राक्षसाची कथा आणि गणपतीची वार्षिक यात्रा यांची नोंद आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीदेखील ही जुनीच परंपरा होती. भारतभर गावांनी ही कथा आपल्या टेकडीला, आपल्या वेशीला जोडून घेतली, कारण बकासुरासारखा रोजचा भार सोसण्याचा अनुभव त्यांना परका नव्हता. इतिहास आणि श्रद्धा यांची गल्लत न करताही कथेचा मान राखता येतो.

वर्धा : उघडलेले दार

केळझरचे दर्शन सकाळी आटोपून वर्ध्यास गेल्यास एक मंदिर अवश्य पाहावे. ते म्हणजे शहरातील लक्ष्मीनारायण मंदिर. शिल्पाच्या दृष्टीने त्याहून सुंदर मंदिरे विदर्भात पुष्कळ आहेत. याचे महत्त्व निराळे आहे. जमनालाल बजाज यांच्या घराण्याचे हे मंदिर जुलै १९२८ मध्ये त्यांनी तथाकथित अस्पृश्य समाजासाठी खुले केले. त्या काळात हे पाऊल किती धाडसाचे होते हे पुढील सनांवरून कळेल. पुण्याचा पर्वती सत्याग्रह १९२९ चा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, त्रावणकोर संस्थानातील मंदिरप्रवेशाची घोषणा १९३६ ची, आणि पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले ते तर १९४७ साली. पर्वतीला आणि नाशिकला दार ठोठावणारे बाहेर उभे होते आणि विश्वस्त आत. वर्ध्यात दार आतून उघडले गेले. स्वकीयांचा रोष पत्करून एका मंदिराच्या चालकांनी हे केले, म्हणून मंदिरांना देणगी देणाऱ्या प्रत्येकाने त्या उंबरठ्यावर क्षणभर थांबावे.

शहरालगत गोपुरी येथील गीताई मंदिर १९८० मध्ये उभे राहिले. या मंदिराला छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्तीही नाही. विनोबांनी मराठीत आणलेल्या गीतेचे अठरा अध्याय उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. भाविकाने चालत चालत वाचावे आणि वाचता वाचता प्रदक्षिणा घडावी, अशी ही रचना आहे. ‘गीताई’चे लेखन ७ ऑक्टोबर १९३० रोजी सुरू होऊन ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण झाले. उन्हाळ्यात शिळा तापतात, तेव्हा सकाळीच जावे. शेजारीच जपानी भिक्षू फुजी गुरुजी यांच्या प्रेरणेने उभारलेला शुभ्र विश्वशांती स्तूप आहे.

वर्ध्याहून परतताना ‘गोरस पाक’ घेण्याची यात्रेकरूंची जुनी प्रथा आहे. गाईच्या तुपातील हा खुसखुशीत पदार्थ प्रवासात चांगला टिकतो.

सेवाग्राम आणि पवनार

वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे १९४० मध्ये त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. आपल्या झोपडीसाठी पाचशे रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि साहित्य व मजूर पंचक्रोशीतलेच असावेत, अशी त्यांची अट होती. माती, बांबू व कौले यांची आदिनिवास आणि बापूकुटी पाहताना ही अट आठवावी. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी येथून निघाले ते परत आले नाहीत. आश्रमातील सायंप्रार्थनेस बसता येईल अशा बेताने पोहोचल्यास भेट सार्थकी लागते. छायाचित्रे काढण्याची घाई येथे शोभत नाही.

केळझरहून वर्ध्याच्या वाटेवरच धाम नदीकाठी पवनार लागते. विनोबा भावे येथे १९३८ मध्ये आले. आश्रमाच्या जागेत खणताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतील भरत-रामाच्या भेटीचे मानले जाणारे शिल्प विनोबांनी मोठ्या ममतेने पूजेत ठेवले. वा. वि. मिराशी यांच्या मते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच. पुढील काळात अनेक अभ्यासकांनी तो मान रामटेकजवळच्या मनसरला दिला. शिल्पांतील प्रसंग कोणत्या कथेतले याविषयीही मतभेद आहेत. तरीही वाकाटक काळातील ही कारागिरी पाहण्यास मुद्दाम वाट वाकडी करावी. १९५९ मध्ये येथे भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी याच स्थानी विनोबांनी देह ठेवला.

हिंगणीमार्गे बोर धरण आणि व्याघ्रप्रकल्प गाठता येतो. १९७० मध्ये अभयारण्य झालेल्या या वनास २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र देशातील लहान व्याघ्रप्रकल्पांत मोडते. पावसाळ्यात जंगलसफारी बंद असते. सेलूजवळील घोराड हे संत केजाजी महाराजांचे गाव आहे. विठ्ठलभक्तांनी ते चुकवू नये. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान दोघेही तेथे नवस फेडतात. फकिराशी खोटे बोललेल्या व्यापाऱ्याचा माल दगडाचा झाला, अशी तेथील कथा आहे आणि टेकडीवर गोल दगडी गोटे सापडतात. भूशास्त्रानुसार ते काळ्या पाषाणातील खनिजांचे गोळे होत.

वर्षभरातील उत्सव

केळझरच्या यात्रेचा मुख्य काळ हिवाळ्यात येतो. पौष वद्य चतुर्थी, म्हणजे तिळी संकष्टी, विदर्भातील गणेशस्थानी विशेष मानली जाते. नागपूरच्या टेकडी गणपतीलाही त्या दिवशी मोठी रांग लागते. त्यानंतर माघ शुद्ध चतुर्थीस गणेशजयंती येते. माघातील यात्रा हीच केळझरची परंपरागत यात्रा असल्याने ज्यांना क्षेत्राचे भरलेले रूप पाहावयाचे आहे त्यांनी याच सुमारास यावे. हवा सुखद असते आणि शेतकऱ्याच्या हाती कापसाचे चार पैसे आलेले असतात. शांत दर्शन हवे असणाऱ्यांनी मात्र चतुर्थी, मंगळवार व रविवार टाळून कोणत्याही साध्या दिवशी सकाळी यावे. गणपतीला तिथीचे वावडे नाही.

हिवाळ्यातच ३० जानेवारीस सेवाग्राम येथे गांधीजींची पुण्यतिथी असते. गांधीजींच्या अस्थींचे १९४८ मध्ये पवनारला धाम नदीत विसर्जन झाले होते. त्या स्मरणार्थ १२ फेब्रुवारी रोजी तेथे सर्वोदय मेळा भरतो. माघी गणेशजयंती बहुधा याच दिवसांच्या मागेपुढे पडत असल्याने दोन्ही साधणे शक्य होते.

चैत्र-वैशाखात वर्धा जिल्ह्याचे ऊन प्रखर असते. तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. वृद्ध व लहान मुले बरोबर असल्यास सकाळी नऊच्या आत टेकडीवरून उतरावे.

पावसाळा सरत आला की परिसराचे रूप पालटते आणि एका आठवड्यात सणांची माळ लागते. श्रावण अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून खांदशेकणी होते, पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन फिरणाऱ्या मुलांचा सण. घरोघरी त्यांना बोजारा मिळतो. केळझरजवळच्या सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा फार प्रसिद्ध आहे. तेथे लहान बैलांबरोबरच माणसाहून उंच लाकडी नंदी सजवून मिरवणुकीत आणले जातात. त्याच दिवशी नागपुरात काळ्या व पिवळ्या मारबतींच्या मिरवणुका निघतात. यानंतर हरतालिका आणि लगेच भाद्रपद शुद्ध चतुर्थी. बाहेरगावच्या भाविकांनी पोळ्याच्या दिवशी मुक्कामाला येऊन चतुर्थीचे दर्शन घेऊन परतावे. वैदर्भीय खेड्याचा असा आठवडा पाहुण्याला दुसऱ्या कोणत्याही काळात मिळत नाही.

दसऱ्याच्या सुमारास नागपुरातील दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो अनुयायी येतात. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीस, तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसांत गाड्यांत व निवासांत जागा मिळणे कठीण जाते, म्हणून आरक्षण फार आधी करावे. २ ऑक्टोबरला सेवाग्राम आणि नोव्हेंबरच्या मध्यास विनोबांच्या स्मृतीनिमित्त पवनारचे मित्रमिलन, असे शरदातील कार्यक्रम असतात.

अष्टविनायकांचा मार्ग

विदर्भातील आठ स्थाने अशी : नागपूरचा टेकडी गणपती, अदासा येथील शमी विघ्नेश, रामटेकचा अष्टदशभुज, भंडाऱ्याजवळ मेंढा येथील भृशुंड, पवनीचा पंचानन, भद्रावतीचा वरदविनायक, कळंबचा चिंतामणी आणि केळझरचा सिद्धिविनायक. ही स्थाने पाच जिल्ह्यांत विखुरलेली असल्याने एका दिवसात आठही उरकण्याचा आग्रह धरू नये. तीन दिवसांचा बेत सोयीचा ठरतो. नागपूरला मुक्काम करून पहिल्या दिवशी टेकडी गणपती, अदासा व रामटेक, दुसऱ्या दिवशी मेंढा, पवनी आणि पुढे भद्रावती घ्यावे. केळझर व कळंब ही जोडी तिसऱ्या दिवशी ठेवावी. कळंबचे मंदिर जमिनीच्या पातळीच्या खाली असून तेथील कुंडाचे पाणी काही वर्षांनी वर चढून मूर्तीच्या चरणांपर्यंत येते, अशी ख्याती आहे.

रेल्वेने येणाऱ्यांनी वर्धा, सेवाग्राम किंवा सिंदी येथे उतरावे. सिंदीस मोजक्याच गाड्या थांबतात. तेथून केळझरपर्यंत रस्त्याने जाता येते. नागपूर-वर्धा मार्गावरील राज्य परिवहनाच्या बसने थेट केळझरला उतरता येते, मात्र जलद बस येथे थांबते की नाही हे वाहकास आधी विचारून घ्यावे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जात असल्याने पश्चिम महाराष्ट्रातील भाविकांचा प्रवास बराच सुकर झाला आहे. वर्धा ते कळंब या नव्या लोहमार्गावर फेब्रुवारी २०२४ पासून गाडी सुरू झाली. तिची वेळ जुळत असेल तर केळझर सकाळी, वर्धा दुपारी आणि कळंब त्यानंतर, असा क्रम ठेवता येईल. वेळापत्रक बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी स्थानकावर चौकशी करावी.